झेल्फाच्या शेजारची जागा

ईस्टर उलटून दोन आठवडे झाले आणि इव्हॅड्नी पेनीकुक रोज दुपारी बाराच्या ठोक्याला झाकणाचा डबा घेऊन माझ्या फाटकावरून वर जायला लागली. पहिले तीन दिवस मी गप्प बसले. चौथ्या दिवशी मला राहवेना. कुंपणाची वेल नीट करायच्या निमित्ताने मी फाटकाशी जाऊन उभी राहिले.

"काय गं, डब्यात काय आहे?"

"सूप."

"कुणासाठी?"

"या टेकडीवर तुझ्या पुढे एकच घर आहे, लर्लीन. अजून दिसतं ना तुला?"

"आयोनीसाठी? तू?"

"का? तिला तोंड नाही?"

तोंड होतं, तीच तर अडचण होती. आयोनीचं वय शहाण्णव आणि तिची जीभ मात्र विशीतली. आमच्या देवळात प्रीतिभोजनाला सगळी मंडळी बाकांवर बसून गोड पाव खाते आणि कॉफी पिते. ते पाव पन्नास वर्षं इव्हॅड्नी भाजत आली आहे. आणि गेली पन्नास वर्षं आयोनी पावाचा पहिला घास घेऊन शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत आली आहे, "देवळाची भिंत पडली तर काळजी नाही, विटा आहेत आपल्याकडे." इव्हॅड्नी तिला 'ती म्हातारी' म्हणायची, तेही आयोनी साठीची होती तेव्हापासून. या दोघींमध्ये सूप कुठून आलं?

त्यातून इव्हॅड्नीला चढण मना होती. जानेवारीत मँडेव्हिल शहरातल्या डॉक्टरने तिला तपासून सांगितलं होतं की हृदय थकलंय, आता विश्रांती घ्या, नाहीतर एक दिवस ते आपणहून घेईल. हे तिनेच मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "हृदय थकलंय ना? पाय तर नाही थकले."

मी आमच्या न्यू हेब्रॉन गावच्या पोस्टात एकोणचाळीस वर्षं खिडकीमागे बसले. कुणाच्या घरी इंग्लंडहून पत्र येतं आणि कुणाकडे यायचं थांबलंय, हे मला त्या घराच्या आधी कळायचं. पाकीट मात्र कधी उघडलं नाही, हे मी कुठेही छातीवर हात ठेवून सांगेन. चौकसपणा हा माझा दुर्गुण आहे असं आमचे पाळक ऑब्री म्हणतात. मी त्यांना म्हणते, "पाळकबुवा, देवाने मान वळेल अशी दिली ती कशाला मग?" निवृत्त झाल्यावर त्यांनीच माझा दुर्गुण कामाला लावला. मंडळीचे वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आम्हा मोराव्हियन पंथाच्या लोकांत माणूस धडधाकट असतानाच आपला वृत्तांत लिहून ठेवतो. जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी, लग्न, लेकरं, कुठे घसरलो आणि प्रभूने हात धरून कसं वर काढलं. दफनाच्या दिवशी तो सगळ्यांपुढे वाचतात. ज्यांना लिहिता येत नाही ते माझ्याकडे येतात, पुदिन्याचा चहा पितात आणि सांगत बसतात. मी लिहिते, बंद करते आणि कपाटात ठेवते. कपाटात सध्या एकतीस आहेत. त्यांतल्या कुणाचंही मी तुम्हाला सांगणार नाही.

इव्हॅड्नीचा तेवढा नव्हता. दहा वर्षं मी मागे लागले होते. "बसायला वेळ कुठेय मला?" हे तिचं उत्तर ठरलेलं. आणि ते खरंही होतं. आल्याच्या शेतात काम करणाऱ्या बापाची ही थोरली लेक. चौदाव्या वर्षी शिवण शिकली, तीन शाळांचे गणवेश शिवले, बॉक्साइटचा ट्रक चालवणाऱ्या रूपर्टशी लग्न केलं, चार मुलगे वाढवले, आणि रूपर्ट गेल्यावर ते चौघे एकेक करून टोरांटोला गेलेले पाहिले. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नऊ वर्षं तिचं सगळं एकटीने केलं. ती बसलेली मी फक्त शिवणाच्या मशीनवर पाहिली आहे. रविवारी उपासनेनंतर सगळं गाव घेवडा-भात खाऊन व्हरांड्यात पेंगतं, तेव्हा ही आपली अंगणात येरझारा घालत असते. पाळकांनी एकदा सबंध महिनाभर विसाव्यावर प्रवचनं दिली. देवालासुद्धा सातव्या दिवशी थांबावंसं वाटलं, वगैरे. बाहेर पडताना इव्हॅड्नी मला म्हणाली, "देवाला आठव्या दिवशी धुणं नव्हतं."

सूप सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती आपणहून माझ्याकडे आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"लिही," ती म्हणाली.

"काय?"

"वृत्तांत. बघत काय बसलीस? पेन घे."

मी धावत जाऊन वही आणली. ती भराभर सांगत गेली, कापड फाडावं तशी. जन्म, बाप्तिस्मा, शिवण, रूपर्ट. आईच्या मरणापाशी आली आणि म्हणाली, "एकोणीसशे त्र्याऐंशीत आई प्रभूकडे गेली. पुढे लिही."

"आईबद्दल एवढंच?"

"एवढंच."

मी मान खाली घालून लिहिलं. माझे कान मात्र टवकारले होते, आणि का ते मी पुढे सांगते. थोड्या वेळाने तिने चहाचा कप बशीत फिरवत विचारलं, "आपल्या ओळीत शेवटची झेल्फाच ना?"

आमच्या कबरस्तानाला आम्ही देवाचं शेत म्हणतो, आणि शेतासारख्याच तिथे ओळी आहेत. लग्न झालेल्या बायका आणि विधवा एका ओळीत, त्यांचे पुरुष दुसऱ्या, बिनलग्नाच्या तिसऱ्या, लेकरं कोपऱ्यात. नवरा-बायको शेजारी नसतात आणि आई-मुलगीही नाही. जी ज्या क्रमाने गेली तिला त्या क्रमाने पुढची जागा. दगड सगळ्यांना सारखे, हातभर लांबीचे, जमिनीवर आडवे. दुकानाची मालकीण आणि तिच्याकडे धुणं धुणारी, दोघी खांद्याला खांदा लावून पुनरुत्थानाची वाट बघतात. बाहेरून आलेल्या सुना पहिल्यांदा हे ऐकून रडतात, मग त्यांनाही सवय होते.

झेल्फा म्हणजे इव्हॅड्नीची धाकटी बहीण. बाविसाव्या वर्षी इंग्लंडला गेली, बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात राबली, विधवा होऊन परत आली आणि इव्हॅड्नीच्या शेजारीच घर बांधून सोळा वर्षं राहिली. फेब्रुवारीत दोरीवर चादर घालता घालता खाली बसली आणि उठलीच नाही.

"हो, झेल्फाच शेवटची," मी म्हणाले.

"तिच्या शेजारची जागा राखून ठेवता येते?"

"बिशपच्या बायकोसाठीसुद्धा राखत नाहीत. जी पुढे जाईल तिची."

"हं." तिने कप खाली ठेवला. "सध्या आजारी कोण कोण आहे?"

"आयोनीच तेवढी. खोकला छातीत उतरलाय. बाकी सगळ्या टुणटुणीत आहेत."

"हं," ती पुन्हा म्हणाली, वळली आणि सूप ढवळायला घरी गेली.

मी तिथेच बसून राहिले. आधी वाटलं, हिला बहिणीशेजारी जायचं नसेल, मध्ये कुणीतरी हवी असेल. पण तसं असतं तर तिने आयोनीला उपाशी ठेवलं असतं. ही तर भोपळा, यामचा कंद, कोंबडीचे पाय आणि पिठाचे गोळे घालून अशी सुपं करत होती की मेलेलं माणूस उठून बसेल. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ती जागा इव्हॅड्नीला स्वतःला हवी होती. आयोनी आधी गेली असती तर ती जागा गेली असती. म्हणजे हे सूप दयेपोटी चाललं नव्हतं. ती त्या म्हातारीला आपल्या आधी मरू देत नव्हती!

दुसऱ्या दिवशी मी तिला फाटकाशी अडवलं.

"तुला झेल्फाच्या शेजारी झोपायचंय."

डबा हलला. तिने तो दुसऱ्या हातात घेतला. "तुला काय करायचंय?"

"सोळा वर्षं एका कुंपणाला दोघी राहिलात. दर रविवारी एका ताटात जेवलात. पुरलं नाही?"

मला वाटलं होतं ती फटकारेल. ती म्हणाली, "तिला एक सांगायचं राहिलंय." आणि चढणीला लागली. दर दहा पावलांना थांबत होती.

मी पुढे काही विचारलं नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार थोडे. पण मला विचारायची गरजच नव्हती. काय राहिलंय ते मला एकोणतीस वर्षं माहीत होतं.

त्यांची आई शनिवारी गेली होती आणि दफन बुधवारी ठरलं होतं. मंगळवारी बर्मिंगहॅमहून तार आली. 'थांबा. शुक्रवारी पोचते. झेल्फा.' मी खिडकी बंद केली, तार स्वतः नेली आणि इव्हॅड्नीच्या हातात दिली. बुधवारी ठरल्याप्रमाणे दफन झालं. शुक्रवारी झेल्फा काळी हॅट घालून टॅक्सीतून उतरली तेव्हा आईवर दोन दिवसांची माती होती. आणि इव्हॅड्नीने तिला सांगितलं, तार मिळालीच नाही, आपलं पोस्ट तुला माहीत आहे ना.

हे सगळ्या गावाने ऐकलं. झेल्फाला खरं सांगायला मी मोहिमेवर निघाल्यासारखी घरातून निघाले होते, पण अर्ध्या वाटेवरून परतले. नोकरीत लागताना मी शपथ घेतली होती की कुणाच्या तारेबद्दल, ती आली की नाही हेसुद्धा, तिसऱ्याला सांगणार नाही. नियम होता आणि मी तो पाळला. त्याची किंमत काय पडली ते मात्र मला कुणी विचारलं नाही. 'लर्लीनच्या तारा पुनरुत्थानानंतर पोचतात' ही थट्टा दुकानात पाच वर्षं चालली. झेल्फा इंग्लंडहून कायमची परत आल्यावर आपली पत्रं मँडेव्हिलला नेऊन टाकायची, बसचं भाडं भरून, पण माझ्या खिडकीशी आली नाही. देवळात शांतीचा हात पुढे करायची वेळ आली की माझ्या शेजारणीचा हात धरायची. मी मूग गिळून बसले. आतून जळत होते, ते देवाला माहीत.

मे महिन्याच्या शेवटी आयोनीची सून डॉरेट माझ्याकडे निरोप घेऊन आली. "आई म्हणतेय उद्या सूपवालीबरोबर तू पण ये. वही आण."

आम्ही दोघी गेलो. इव्हॅड्नी पाच वेळा थांबली, शेवटच्या वेळी तिचे ओठ निळसर दिसत होते. आयोनी उशांना टेकून बसली होती. मूठभर झाली होती, पण डोळे तसेच.

"ये, पोस्टबाई. बस. तू नको बसू, इव्हॅड्नी, तुला जमायचं नाही."

इव्हॅड्नीने डबा उघडला आणि वाटीत सूप ओतलं. आयोनीने वाटीकडे पाहिलंही नाही.

"पहिल्या दिवशी मला वाटलं विष घातलं असेल," ती म्हणाली. "म्हटलं बरं झालं. दुसऱ्या दिवशी जिवंतच. चाळीस दिवस झाले, लर्लीन, मी मरायला टेकलेय आणि ही बाई मला मरू देत नाही! माझा नवरा क्लीव्हलंड तिकडे वर अकरा वर्षं वाट बघतोय. मी विचार केला, हिला माझा एवढा पुळका का? आडवं पडून दुसरं काम काय? ओळी मोजल्या. तुम्हा दोघींना वाटतं मोजायला तुम्हालाच येतं."

इव्हॅड्नी हातातला डाव घेऊन तशीच उभी होती.

"बहिणीशेजारी जायचंय तुला. का?"

"तिला काहीतरी सांगायचंय."

"अगं वेडे," आयोनी म्हणाली आणि हसता हसता खोकायला लागली. डॉरेट पाणी घेऊन आली. खोकला थांबल्यावर तिने इव्हॅड्नीचं मनगट धरलं. "मग मला थांबवून ठेवतेस कशाला? मला जाऊ दे. जागा मला मिळेल. तिच्या शेजारी पडेन आणि तू यायच्या आधी सगळं सांगून ठेवेन. काय निरोप आहे ते सांग. नीट सांग, अर्धवट नको."

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. मला वाटलं ही आता डबा उचलून निघून जाईल. तिने डाव वाटीत ठेवला आणि खाटेच्या कडेवर बसली. मशीन नसताना बसली.

"तार मिळाली होती," ती म्हणाली.

"कुठली तार?"

"तिची. थांबा म्हणून. मिळाली होती मला." ती आयोनीच्या गोधडीकडे बघत बोलत होती, देवळात एकमेकींना म्हणतो तसं तिला सिस्टर म्हणत. "नऊ वर्षं आईचं केलं, सिस्टर आयोनी. रात्री तीनदा उठायचे. एकदाही पाठ टेकली नाही सलग. ही तिकडून ख्रिसमसला डबे पाठवायची, आणि आई म्हणायची, माझी झेल्फा गुणाची. मी तिचं ढुंगण धूत असायचे आणि ती म्हणायची झेल्फा गुणाची. आई गेली तेव्हा माझ्या मनात एकच होतं, बुधवारी माती द्यायची आणि गुरुवारी दिवसभर झोपायचं. एकच दिवस. आणि ही म्हणते थांबा. आता येणार, हॅट घालून पुढच्या बाकावर रडणार, लोक म्हणणार बिचारी केवढ्या लांबून आली. मी तार चुलीत टाकली."

"झोपलीस का गुरुवारी?"

"नाही," इव्हॅड्नी म्हणाली. "तेव्हापासून नाही."

आयोनीने तिचं मनगट सोडलं नव्हतं. "लिहिलंस, पोस्टबाई?"

मी लिहिलं होतं, शब्दन् शब्द. मी वाट बघत होते. तिच्या सबंध कबुलीत आई होती, झेल्फा होती, चूल होती. मी कुठेच नव्हते. पोस्ट कुठेच नव्हतं.

"आणि हिचं काय?" आयोनीने माझ्याकडे मान केली.

"हिला माहीत आहे सगळं," इव्हॅड्नी म्हणाली. एवढंच.

मी पेनला टोपण लावलं आणि घरी आले. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. पाळक काहीतरी चौकशी करायला आले तर त्यांनाही मी बाहेरूनच वाटेला लावलं. क्षमा वगैरे शब्द मी लहानपणापासून रोज सकाळी म्हणत आले आहे, पण त्या आठवड्यात ते माझ्या घशाखाली उतरत नव्हते. तिची दया येत होती आणि तिच्या थोबाडीत द्यावीशीही वाटत होती. दोन्ही खरं होतं.

सूप थांबलं. आयोनीने बंदच करायला लावलं. "मला आता कामाला जायचंय," असं डॉरेटला म्हणाली म्हणे. मरणाच्या आदल्या दिवशी तिने मला पुन्हा बोलावलं, आपल्या वृत्तांताला शेवटचं वाक्य जोडायला. निरोपाचा कागद मी बरोबर नेला होता, तो तिच्या हातात दिला. तिने तो घडी न उघडताच परत केला.

"हा नको. विसरेन मी, शहाण्णव वर्षांची बाई. तू फक्त मी सांगते ते लिही."

मी लिहिलं, आणि लिहिताना पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आयोनी गेली.

दफनाला देऊळ भरलं होतं. टोरांटो आणि न्यूयॉर्कहून नातवंडं आली होती. मी वृत्तांत वाचला. आल्याची शेतं, क्लीव्हलंड, सात मुलं, एकोणीसशे एक्कावन्नच्या वादळात उडालेलं छप्पर. लोक अधूनमधून हसत होते, कारण आयोनी कागदावरही आयोनीच होती. मग मी शेवटच्या वाक्याशी आले. इव्हॅड्नी मागच्या दारापाशी उभी होती, कॉफीची तयारी बघत.

"'मी झेल्फाच्या शेजारी निजायला चालले आहे,'" मी वाचलं, "'आणि माझ्याबरोबर तिच्यासाठी कुणाचा तरी एक निरोप जायचा आहे. ज्याचा आहे त्याने तो माती लोटायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने सांगावा. मला कमी ऐकू येतं.'"

लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं हीसुद्धा थट्टा. मी कागदावरून वर पाहिलं नाही.

आम्ही गाणी म्हणत देवाच्या शेतात गेलो. कर्णेवाले पुढे, पेटी मध्ये. तांबड्या मातीत खड्डा तयार होता, झेल्फाच्या दगडाला अगदी लागून. त्या दगडाच्या कडेला अजून गवतही धरलं नव्हतं. पेटी खाली गेली. पाळकांनी प्रार्थना केली. डॉरेटचे मुलगे फावडी घेऊन पुढे आले.

"थांबा," इव्हॅड्नी म्हणाली.

तारेतला पहिला शब्दही तोच होता. बायकांनी तिला वाट दिली. ती खड्ड्याच्या काठाशी आली, पायाखालची माती घसरली तेव्हा पाळकांनी तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

"सिस्टर आयोनी," ती म्हणाली. तिने घसा खाकरला आणि पुन्हा सुरुवात केली, आता मोठ्याने, कर्णेवाल्यांच्याही मागे उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल अशी. "सिस्टर आयोनी, माझ्या झेल्फाला सांग. तार वेळेवर आली होती. मी जाळली. पोस्टाची काही चूक नव्हती. कधीच नव्हती. मी खोटं बोलले."

कुणाच्या तरी तोंडून 'जीझस' निघालं. मग एकेक करून सगळी तोंडं माझ्याकडे वळली. दुकानदार डडली, ज्याने ती थट्टा पहिल्यांदा केली होती, त्याने डोक्यावरची टोपी काढली.

एकोणतीस वर्षं मी हे वाक्य ऐकायला भुकेली होते. कितीदा मनात ठरवलं होतं, त्या दिवशी काय बोलायचं, कशी मान ताठ करून निघून जायचं. आता सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि त्यातलं काही मला आठवेना. मला रडू येत होतं आणि ते त्या बाईसाठी होतं की माझ्यासाठी हे कळत नव्हतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"मंगळवारी," मी म्हणाले. "सकाळी सव्वादहाला दिली मी ती."

इव्हॅड्नी वळली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "भिजून आली होतीस, लर्लीन. आणि मी तुला आत ये म्हटलं नाही."